गुडघा कुठे थांबतो

"पाय सैल सोडा, मेश्राम," डॉ. नंदिता खाडिलकर म्हणाल्या आणि उत्तराची वाट पाहत थांबल्या.

नागपूरच्या अस्थिरोग संस्थेतल्या त्या खोलीत रोगी नव्हताच. प्रल्हाद मेश्राम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फखाणीत होता. त्याचा गुडघा तिथल्या यंत्रहातांनी धरला होता आणि ते यंत्रहात हलत होते नंदिताबाईंच्या हातातल्या स्पर्शमोज्यांच्या हुकमाने.

"सोडलाच हाये, मॅडम," अडीच सेकंदांनी आवाज आला. "पण उतरताना गुडघा सरकल्यावानी वाटते. पायावर भरोसाच नाही राह्यला."

मेश्राम मूळचा चंद्रपूरच्या कोळसा खाणीतला. उगाच कुरकुरणारा माणूस नव्हता. नंदिताबाईंनी एका हाताने त्याची मांडी पक्की धरली, दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. तपासणी फार जुनी आणि साधी. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध शाबूत असेल तर नडगी थोडी पुढे येऊन ताणलेल्या दोरीसारखी खटकन थांबते. तुटला असेल तर थांबत नाही, मऊ मऊ पुढे येत राहते.

नडगी खटकन थांबली. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा थांबली.

"अस्थिबंध चांगला आहे. नुसता मुरगळलाय. थोडे दिवस पट्टी बांधा आणि कामावर जा."

"तुमी म्हणता त असंन, मॅडम."

महिन्याभरात मेश्राम वारला. विवराच्या उतारावरून खाली येताना त्याचा पाय लचकला, तो कड्यावरून पडला आणि त्याचं शिरस्त्राण फुटलं. शव नागपूरला आलं तेव्हा नंदिताबाईंनी तो गुडघा स्वतः उघडला. अस्थिबंध तुटलेला होता. तुटकी टोकं आक्रसून गुळगुळीत झाली होती. म्हणजे इजा पडल्यामुळे झालेली नव्हती. त्यांनी तपासलं त्याच्याही आधीची होती.

नंदिताबाई तडक स्पर्शमोज्यांचा निर्माता इब्राहिम मुजावर याच्या खोलीत गेल्या.

"मला खटका लागला होता, इब्राहिम. या बोटांना. तो आला कुठून?"

मुजावरने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"चंद्रावरून स्पर्श परत यायला अडीच सेकंद लागतात," तो म्हणाला. "तेवढ्या उशिरा आलेल्या स्पर्शावर कुणालाच तपासता येत नाही. म्हणून मोज्यांत पूर्वस्पर्श बसवलाय. पुढच्या क्षणी काय लागेल याचा तो अंदाज बांधतो आणि तेच लगेच तुमच्या बोटांना देतो. खरा स्पर्श आला की चूक दुरुस्त करतो."

"अंदाज कशावरून?"

"तुम्ही इथे प्रत्यक्ष तपासलेल्या गुडघ्यांवरून. खाणीत जाणाऱ्यांची भरतीची तपासणी तुम्हीच करत होता ना?"

"ते सगळे धडधाकट होते."

"हो. पण चूक झाली असती तर दुरुस्ती आली असती. मेश्रामच्या वेळी एकही आली नाही. अपघाताच्या चौकशीतही तेच निघालं. तुमच्यावर ठपका नाही, मॅडम."

नंदिताबाईंनी पुढे केलेल्या खुर्चीवर पाय ठेवला. मग त्यांनी आपलाच गुडघा वाकवून नडगीवर हात ठेवला.

"खटका लागला की मी काय करते? ओढायची थांबते. मी थांबले की तिकडचे यंत्रहातही थांबतात. दुखऱ्या पायाचे स्नायू सुरुवातीला आवळलेलेच असतात, तेवढ्या थोड्या ओढीला ते चांगल्या गुडघ्याइतकाच विरोध करतात. त्याहून जास्त त्या गुडघ्याला कुणी ओढलंच नाही, तर चूक दिसणार कुठून?"

मुजावरचा चेहरा उतरला. "म्हणजे... यंत्राच्या लेखी अंदाज बरोबर ठरला."

"आणि बरोबर ठरला म्हणून यंत्र तेच शिकलं, पुढच्या वेळी खटका आणखी स्पष्ट लागला. माझ्याकडे कोण येतात, इब्राहिम? ज्यांचा गुडघा सरकतो तेच. आणि मी एकेकाला परत कामावर धाडलंय."

ते दोघं धावतच तपासणीच्या खोलीत आले. चंद्रतळावर डॉक्टर नव्हता. होत्या त्या परिचारिका ज्युली लोपीस. नंदिताबाईंनी मोजे बाजूला सारले आणि तोंडी सांगायला सुरुवात केली. विश्रांतीच्या कक्षातून एका कामगाराला उठवून आणलं होतं. नंदिताबाईंनी त्याचा गुडघाही चांगला ठरवला होता.

"सिस्टर, यंत्रहात काढून टाका. तुमच्या हातांनी मांडी धरा. मांडीचा मागचा स्नायू सैल पडेपर्यंत थांबा. मग नडगी सरळ पुढे ओढा. थांबली की सांगा."

अडीच सेकंद गेले. आणखी तेवढेच गेले.

"थांबत नाहीये, मॅडम," लोपीसबाईंचा आवाज बारीक झाला होता. "पुढे येतेय. अजून येतेय."

"त्याला झोपवून ठेवा. अजिबात खाली खाणीत पाठवू नका. मी तपासलेले बाकीचे सगळे लगेच बोलवा."

या वेळी अडीच सेकंद संपता संपेनात.

"बाकीचे सगळे उतारावर आहेत, मॅडम. पाळी आत्ताच सुरू झालीय. ते खाली उतरतायत."