सोमवारची आंघोळ

तानूबाई खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जिनं चाळीस वर्षं वस्तीतल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घातली, ती मयताला भीत नाही. आणि भुताखेताच्या गोष्टी तर तिच्या घरात कुणी काढत नाही. सासऱ्यांनी छप्पन सालानंतर धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात पिंड नाही, सुतक नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. माणूस गेलं की पांढरं कापड, त्रिशरण, पंचशील, तिसऱ्या दिवशी रक्षा, आणि पुढं जलदानाचा विधी. संपलं.

पण हे संपलं नाही.

तारीखही पक्की आहे. सतरा मार्च दोन हजार चोवीस. रविवार. शिरोली एमआयडीसीच्या मागची वस्ती. दुपारी दोनच्या सुमारास तानूबाईची थोरली जाऊ, धोंडुबाई, बसल्या जागी गेली.

दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. धोंडुबाईला नवरा नाही, मूलबाळ नाही. आंघोळ घालायला तानूबाईलाच बोलावणं आलं. दुसरं कोण घालणार?

ती गेली. पण तोंड आवळून गेली.

कारण दोघींत बारा वर्षांचा अबोला होता.

बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तानूबाईची लेक निशा जयसिंगपुरात सासरी वारली. न्हाणीत पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं, असं कळलं. ओळखीच्या डॉक्टरनं दाखला दिला. तानूबाई तेव्हा गारगोटीला होती. सून दीप्ती तिथं माहेरी बाळंत झाली होती, नातवाचं तोंड बघायला म्हणून ती गेली होती. धोंडुबाई मात्र त्या दिवशी बाजाराला जयसिंगपुरातच होती. ती आधी पोचली.

तानूबाई दोन गाड्या बदलून पोचली तेव्हा निशा तिरडीवर होती. पांढऱ्या कापडात पक्की बांधलेली. नुसतं तोंड उघडं. गालावर पावडर.

आंघोळ झाली होती.

सगळ्या वस्तीच्या बायकांना जिनं हातानं न्हाऊ घातलं, तिला पोटच्या पोरीला एक तांब्या पाणी घालता आलं नाही. तिनं कापड सोडायला हात घातला, तर धोंडुबाईनं तिचं मनगट धरलं. ऊन लई आहे, थांबता येत नाही, एवढंच म्हणाली. माझ्यासाठी का थांबली नाहीस, असं तानूबाईनं किती वेळा विचारलं. धोंडुबाई खाली बघत राहिली.

त्या दिवसापासून तानूबाई तिच्याशी बोलली नाही. एका भिंतीआड राहून बारा वर्षं नाही.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मयताला न्हाऊ घालताना त्याच्याशी बोलायचं, ही या घरातली रीत. सासूनं दोन्ही सुनांना तीच शिकवण दिली होती. माणूस नुकतंच गेलेलं असतं, त्याला कळेल असं सांगत सांगत पाणी घालायचं. आधी डोकं. मग तोंड. मग हात, मग पाय. आणि सगळ्यांत शेवटी कूस बदलून पाठ.

तानूबाईनं परक्या बायकांशीही असं बोलणं कधी चुकवलं नव्हतं.

त्या रविवारी चुकवलं.

परड्यात चादरी धरल्या होत्या. आत पाटावर धोंडुबाई. तानूबाईनं डोकं धुतलं, तोंड पुसलं, हातपाय, पाठ. सगळं नीट. पण एक शब्द नाही. चादर धरणारी शालूबाई नंतर म्हणाली, इतकी मुकी आंघोळ मी बघितली न्हवती.

संध्याकाळी अंत्यविधी उरकला. धोंडुबाईच्या घराला कुलूप लागलं. किल्ली तानूबाईकडे आली.

दुसरा दिवस सोमवार.

सोमवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. एरवी या वस्तीत फौंड्रीचा धडधडाट इतका, की शेजारणीची हाक ऐकू येत नाही. सोमवारी मात्र सगळं गप्प. फॅनसुद्धा ऐकू येतो.

दुपारचे तीन वाजले असतील. मुलगा प्रसेनजीत सुट्टीचा झोपला होता. दीप्ती बाहेर तांदूळ निवडत होती. तानूबाई भिंतीला टेकून बसली होती.

आणि भिंतीपलीकडे...

तांब्या बादलीच्या काठाला लागला.

मग पाणी. एक तांब्या. थांबणं. दुसरा तांब्या.

तानूबाई हलली नाही. ती आंघोळ कसली आहे हे तिला लगेच कळलं होतं. जिवंत माणूस भराभर पाणी घेतं. हे पाणी कुणीतरी दुसऱ्याच्या अंगावर सावकाश सोडत होतं. आधी हातानं कोमट आहे का बघून.

मग आवाज आला. अगदी हळू.

"डोळं मीट गं. डोक्यावर घालती."

तो धोंडुबाईचा आवाज होता.

तानूबाईनं किल्ली घेतली आणि गेली. भीती वाटली नाही, असं ती सांगते. राग आला होता. कुलूप काढलं, आत गेली, न्हाणीचं दार ढकललं.

न्हाणी कोरडी होती. फरशी कोरडी. बादली पालथी. तांब्या फळीवर, जसा आदल्या दिवशी तिनंच ठेवला होता तसा.

फक्त शिकेकाईचा वास होता.

रात्री तिनं प्रसेनजीतला सांगितलं. तो चिडला नाही, पण म्हणाला की पलीकडच्या गल्लीत पाइपलाइनचं काम चाललंय, भिंतीतून आवाज येतात. आणि आपल्यात हे असलं न्हाय. तानूबाईनंही मान हलवली. आपल्यात हे नाहीच.

पण तीच खरी अडचण होती. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर त्यांनी भटजीला विचारलं असतं, देवऋषीकडे गेले असते, दहाव्याला कावळा शिवतो का बघितलं असतं. मेलेल्या माणसाला काय पाहिजे, हे विचारायची एक वाट असती. तानूबाईनं कुणाला विचारायचं?

पुढचे सहा दिवस फौंड्री धडधडत होती. काही ऐकू आलं नाही. आवाज येत नव्हता, की येत होता आणि ऐकू जात नव्हता... कोण सांगणार?

दुसरा सोमवार.

पुन्हा तीनच्या सुमारास तांब्या वाजला. या वेळी दीप्तीही आत होती. तिनं मान वर केली. मोठ्या आईच्या घरात पाणी कोण सांडतंय, असं तिनं विचारलं. म्हणजे पाण्याचा आवाज तिलाही आला होता.

बोलणं मात्र फक्त तानूबाईला ऐकू आलं.

"हात दे. हं. बांगडी लई घट्ट हाय की गं, निशा."

निशा.



धोंडुबाई बारा वर्षांपूर्वीची आंघोळ घालत होती. जी तानूबाईला बघायला मिळाली नाही, ती. सासूच्या रीतीनं. आधी डोकं. मग तोंड, हात.

तिसऱ्या सोमवारी पाय झाले. तानूबाईनं कान भिंतीला लावला होता. पैंजण काढल्याचा आवाज आला. टाचेला किती भेगा पडल्यात गं, असं काहीतरी ती म्हणाली, आणि मायेनं म्हणाली. तानूबाई भिंतीच्या अलीकडे रडत होती. बारा वर्षं ज्या बाईचं तोंड बघितलं नाही, तिनं आपल्या पोरीला किती जपून न्हाऊ घातलं, हे तिला आता कळत होतं.

मग पाणी थांबलं.

आता फक्त पाठ राहिली होती.

तो आठवडा तानूबाईला जेवण गेलं नाही. तिला ते ऐकायचं होतं आणि ऐकायचंही नव्हतं. रविवारी ती धोंडुबाईच्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला हाक मारली.

"आक्का."



चौथा सोमवार. आठ एप्रिल.

दीप्ती बाजाराला गेली होती. प्रसेनजीत मित्राकडे. घरात तानूबाई एकटी. अडीचपासूनच भिंतीला कान लावून बसलेली.

तीन वाजले.

तांब्या नाही. पाणी नाही.

सव्वातीन झाले.

मग एकदम जवळून, जणू भिंतीच्या आतूनच...

"निशा, कूस बदलती हं. आता पाठ."

कापड ओढल्याचा आवाज.

आणि नंतर काहीच नाही. पाणी पडलं नाही. तांब्या हलला नाही. किती वेळ गेला तिला सांगता येत नाही.

"अगं बाई..." धोंडुबाई म्हणाली.

पुन्हा शांतता.

या शांततेत काहीतरी होतं. तानूबाई आजही ते नीट सांगू शकत नाही. आवाज नव्हता. पण दोन माणसं बोलत असली, आणि त्यातल्या एकाचंच ऐकू येत असलं, की मधली जागा जशी लागते, तशी ती जागा होती.

मग धोंडुबाई उत्तर दिल्यासारखी बोलली.

"न्हाय दावत. तुझ्या आईला न्हाय दावत. तू म्हणतीस तर न्हाय दावत."

आणि पाणी पडलं. एक तांब्या. दुसरा. तिसरा. मग बादली पालथी घातल्याचा आवाज.

आंघोळ संपली.

तानूबाई दार उघडायला गेली नाही. मेलेल्या पोरीनं काय मागितलं, आणि कुणापासून लपवायला मागितलं... एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. कुणाला काही न सांगता तिनं सकाळी शिरोली फाट्यावर सांगलीची एसटी पकडली. घरी विहाराकडे जाते म्हणाली. जयसिंगपूरला उतरली. जावई बाबासो सुट्टीमुळे घरीच होता.

निशा गेल्यावर तानूबाई त्या घरात दोन-तीनदाच गेली होती. निशाची मुलगी आदिती तेव्हा दीड वर्षाची होती. आता चौदाची. बाबासोनं दुसरं लग्न केलं नाही. लोक त्याला चांगला म्हणत. तानूबाईही म्हणायची.

बाबासो जेवायला बसला होता. अचानक सासू आलेली बघून तो उठायला लागला. तिनं बसा म्हणून खूण केली. पाणी घेतलं नाही. उंबऱ्यातच बसली आणि एकच विचारलं.

"पावणं, निशाच्या पाठीला काय झालं हुतं?"

तिला वाटलं होतं, तो गोंधळेल. कसली पाठ, बारा वर्षांनी हे काय विचारताय, असं म्हणेल. निर्दोष माणूस तेच म्हणतो.

बाबासोचा घास हातातच राहिला.

"मोठ्या आईंनी सांगितलं व्हय तुमाला?" तो म्हणाला. "जायच्या आधी?"



मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. तो भराभर बोलायला लागला. पडल्यावर लागलंच असणार की, दगडावर पडली, पाठीलाही लागलं असंल, मामी तुम्ही पण, इतक्या वर्षांनी... तो बोलत राहिला. त्याचा भात गार होत राहिला. तानूबाई त्याच्या हातांकडे बघत होती.

पुरावा काहीच नव्हता. देह जळून बारा वर्षं झाली. जिनं बघितलं ती गेली. पोलिसांत जाऊन काय सांगायचं? भिंतीनं सांगितलं?

पण एक गोष्ट तिच्या हातात होती. ती उठली. आदितीला मी नेते, म्हणाली. सुट्टीला म्हणाली नाही. चार दिवसांसाठी म्हणाली नाही. नेते, एवढंच.

बाबासो नाही म्हणाला नाही. त्यानं मान वर केली नाही.

आदिती आजही तानूबाईकडेच आहे. शिरोलीच्याच शाळेत जाते. वर्ष उलटून गेलं, बाप एकदाही न्यायला आला नाही, फोनही नाही. प्रसेनजीतनं निशाच्या मरणाबद्दल एका वकिलाला विचारलं, वकिलानं हात वर केले. धोंडुबाईच्या घरातून पुन्हा आवाज आला नाही. तानूबाईनं मयताला न्हाऊ घालणं सोडलं. शालूबाई घालते आता.

हे सगळं तिनं कसंतरी पचवलंय. निशानं आईपासूनच का लपवलं, हेसुद्धा. आईला सोसवणार नाही म्हणून, असं ती स्वतःला समजावते. धोंडुबाईनं दिलेला शब्द मेल्यावर का मोडला, हे मात्र तिला कळलेलं नाही. मोडला, की कुणी मोडायला लावला?

आणि एक गोष्ट तिनं अजून कुणाला सांगितली नव्हती. परवा सांगितली.

त्या पाडव्याच्या दिवशी ती आदितीला हाक मारायला आतल्या खोलीत गेली. आपण येणार हे तिनं घरात सांगितलं नव्हतं. जयसिंगपुरात तर कुणालाच माहीत नव्हतं. बाबासोचं बोलणं आतपर्यंत ऐकू जाईल असं ते घरही नाही.

आदिती खाटेवर बसली होती. पायांत चप्पल. केस विंचरून वेणी घातलेली. शेजारी पिशवी भरून तयार. कपडे, वह्या, आईचा एक जुना फोटो.

तानूबाईला बघून पोरगी उठली आणि पिशवी उचलली.

"चला आज्जी," ती म्हणाली. "म्या सकाळपासनं बसलिया."

तुला कुणी सांगितलं, हे तानूबाईच्या ओठांवर आलं होतं.

तिनं विचारलं नाही.

अजूनही विचारलेलं नाही.