मुरगळलेला पाय

सोनपेठच्या नाक्यावरून मोटार धूळ उडवत निघाली, अन् नुकत्याच उतरलेल्या त्या तरुणाच्या ध्यानात आलं, पिशवी आतच राहिली. बरोबरची मोठी माणसं पुढं गेली होती. तो नुसता हात वर करून उभा राहिला...

तेवढ्यात त्याच्या शेजारून कुणीतरी सपकन गेलं. काष्टा खोचलेली, अनवाणी मुलगी. बाभळीच्या वळणावर तिनं मोटार गाठली, पत्र्यावर थापा मारल्या. पिशवी घेऊन परतली, तेव्हा एक पाय जपून टाकत होती.

"मुरगळला का?" त्यानं विचारलं.

"तुमच्या पिशवीपायी."

"मी निघालोच होतो की मागं..."

"दिसलं. उभ्या उभ्याच पळायलात तुमी."

तो हसला. "नाव तरी सांगा."

"पिशवी मिळाली न्हवं? नाव कशाला मग?" म्हणाली खरी, पण वळणावर तिनं एकदा मागं पाहिलंच.

ती दैवशाला. एकोणिसावं लागलेलं. निजामी सरून दहा वर्षं होत आली होती, पण पोरीबाळींनी पळायची रीत सोनपेठात अजून आली नव्हती. चतुराबाई मास्तरीण तिला रोज सकाळी नदीच्या वाटेवर पळवायच्या. परभणीच्या खेळांत यंदा पहिल्यांदाच मुलींची शर्यत होती. वडील राधाकिशन कबूल झाले होते. आई गोजरबाईंनी मात्र बजावलं होतं, "सोयरीक जमंपतुर पळायचं नाव काढू नको. कळलं तर सोयरीकबी जाईल अन् शर्यतबी."

दुपारी चारठाण्याचे पाहुणे आले. दैवशालानं पानसुपारीचं तबक पुढं केलं, नजर वर गेली... पिशवीवाला. सूर्यभान त्याचं नाव. त्याच्या हातातली सुपारी घरंगळत सतरंजीवर गेली.

"पोरी, जरा दारापतुर चालून दाखव," त्याचा मामा बन्सीधर म्हणाला. तेव्हा मुलगी चालवून बघायचे.

ती चालली. घोटा टम्म सुजला होता.

"पोरगी तर लंगडती," धुरपताबाई म्हणाल्या. त्या सूर्यभानच्या आत्या.

"न्हाणीत घसरली हो सकाळी," गोजरबाई घाईनं बोलल्या.

पाहुण्यांच्या माना हलल्या. सगळं निभावलं होतं. सूर्यभान मात्र दैवशालाकडं बघत होता, अन् तिला वाटलं... आज गप्प बसले, तर जन्मभर न्हाणीतच घसरावं लागंल.

"न्हाणीत न्हाई," ती म्हणाली. "मोटारीमागं पळताना मुरगळला. मी रोज पळते. परभणीच्या शर्यतीत उतरणार हाय."

गोजरबाईंनी तोंडाला पदर लावला.

"बाईमाणूस अन् पळती?" आत्या म्हणाल्या. "उद्या सासरहून पळाली म्हंजी?"

"मग मला काई सापडायची न्हाई, आत्या," सूर्यभान हळूच बोलला. "मी बघितलंय तिला."

राधाकिशनना हसू आवरेना. मामाही मिशीत हसला. "बरं, पोरीला काई इचारायचं का?"

"शर्यत कधी हाय?" सूर्यभाननं विचारलं.

"संक्रांत झाल्यावर," ती खाली बघून म्हणाली.

"मग लग्न त्याच्यानंतर धरा, मामा. पण... तिला मी पसंत असलो तर."

असं तिथं कुणी मुलीला विचारत नसे. दैवशालाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं मान डोलावली. आत्यांनी तेवढं नाक मुरडलं.

निघताना तो उंबऱ्याशी रेंगाळला. "परभणीला मी आलो तर चालंल?"

"या. पण हाक मारू नका... मागं बघितलं की वेग मोडतो."

"मग मी आलो हे कळायचं कसं?"

"कळंल," ती म्हणाली.

परभणीच्या मैदानावर दैवशाला दुसरी आली. एकदाही मागं न बघता पळाली. चुन्याची रेघ ओलांडली अन् मगच वळली. गर्दीत सूर्यभान उभा होता, ओठ घट्ट मिटून, डोळे भरून. तिनं नुसतं बघितलं... अन् श्वास पळण्यानं लागला होता की कशानं, तिचं तिलाच कळेना.

त्याच्या शेजारी पदर खोचून धुरपताबाई उभ्या. बाजूच्या बाईला सांगत होत्या, "ती व्हय? आमची हाय ती."