फिटिंगचा फोटो

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आल्या आल्या वहिनींपुढे फोन धरला. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला खेळाच्या ॲपवर 'मैत्रीण' भेटली होती. तिचा कालचा निरोप: "उजव्या कोपराची पट्टी निघाली का? शनिवारी न्यायला येते. आईला सांगू नकोस."

"पट्टी डाव्या कोपराला आहे," बाई म्हणाल्या. "पण तिला लागलंय, हे कळलं कसं?"

गुप्तहेर वहिनी विचारात पडल्या. त्यांना मदत करणाऱ्या त्यांच्या दिरांनी, भाऊजींनी, मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. "घरभेदी आहे कोणीतरी. मुलीच्या मामाला धरा."

मुलगी ज्यावर खेळायची तो टॅब्लेट मामानेच दिला होता. "पट्टी मी बांधली, डाव्या हाताला," तो चिडला. "आणि माझ्यावरच संशय?"

शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "डावखुरी आहे हो पोर. मी लिहायची सुट्टीच दिलीय तिला."

दोघंही साळसूद दिसतात, भाऊजींना वाटलं. वहिनी भाऊजींना घेऊन बाईंच्या दुकानात गेल्या.

उंच आरशासमोर मुलगी नव्या फ्रॉकमध्ये उभी होती. मागून आईने एका हाताने फ्रॉक चिमटीत धरला होता, दुसऱ्या हाताने आरशातला फोटो काढत होती.

"चिमटीत धरलं की फिटिंग उठून दिसतं," बाई म्हणाल्या. "मी कडेला येते, तेवढं कापते आणि दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकते. गिऱ्हाइकं त्यावरच येतात."

वहिनी स्टुलावर बसल्या. "मामा आणि शिकवणीच्या बाई तिला रोज समोर बघतात. त्यांचं डावं-उजवं चुकणार नाही. चुकला तो, ज्याने तिला फक्त तुमच्या फोटोत पाहिलं. आरशात बाजू उलटते, आणि तुम्ही कापल्यावर आरसा आहे हे कळतच नाही. खाली दुकानाचा पत्ताही आहे."

बाईंनी चिमटीतला फ्रॉक सोडला. "म्हणजे मीच दाखवलं."

"आणि तो कोण?" भाऊजींनी विचारलं.

"नाही सापडला. त्या 'मैत्रिणी'चं खातं सकाळीच बंद झालं. पोलिसांना सगळं दिलंय, पण त्यांनीही नकारार्थी मान हलवली."

बाईंनी तिथेच तीनशे फोटो पुसले. लोकांनी आपापल्याकडे ठेवून घेतलेल्यांचं काय, हे भाऊजींच्या ओठांवर आलं होतं.

शनिवारी दुकानासमोर पोलीस दिवसभर थांबले. कोणीही आलं नाही. आईने मुलीला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा समजावलं, ती मैत्रीण नव्हतीच. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग रडत म्हणाली, "तू तिला काय बोललीस गं आई? ती माझ्याशी बोलतच नाही आता."