म्युझियमच्या दारातली बाई

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं, हे जयसिंगला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. निदान सुलक्षणाला तरी त्या दिवशी कॅमेऱ्यामागे उभं करायला नको होतं. शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचा स्टुडिओ पोपटमामांचा. मामा कुठल्याशा साखरपुड्याचे फोटो काढायला गेले होते आणि दुकान भाचीवर सोपवलेलं होतं.

"हनुवटी खाली घ्या... जरा डावीकडं... आन् हसू नका."

"मी कुठं हसतोय?"

"मग तोंडाला काय झालंय?"

"तुम्ही बघायचं थांबला की हुईल नीट."

"न बघता फोटो काढू?"

बाहेर पाऊस पडत होता, म्हणून फोटो झाल्यावरही तो थांबला. पाऊस उघडला, तरी थांबला.

जयसिंगचं तळेगाव ढमढेऱ्यात खता-औषधांचं दुकान होतं. २००३ सालची गोष्ट. आपल्याकडच्या अळ्या मराव्यात म्हणून औषधकंपन्या त्या काळी दुकानदारांना बँकॉकला पाठवत. अळ्यांवर त्याचा काय परिणाम होई, ठाऊक नाही. परत आलेले दुकानदार मात्र काय पाहिलं ते सांगत नसत, नुसते एकमेकांकडे बघून हसत. त्यामुळे बँकॉकचं नाव निघताच सुलक्षणाचा फोटो कापणारा हात थबकला.

"तिकडं काय बघत्यात?"

"देवळं हायत म्हणं."

"देऊळ रांजणगावलाबी हाय. तिथं पासपोर्ट लागत न्हाई."

जयसिंगचे कान लाल झाले. पुढे फोटोच्या कॉप्या न्यायला तो इतक्यांदा आला, की तेवढ्यांत अख्ख्या तळेगावचे पासपोर्ट झाले असते. शेवटच्या खेपेला सुलक्षणा म्हणाली, "जिथं जिथं जाल तिथला फोटो आणा. दिसू द्या मला. मग... बघू."

त्या 'बघू'च्या पोटात पुष्कळ काही होतं. दौंडचं एक स्थळ होतं, मुलगा रेल्वेत, मामांच्या मनात पक्कं भरलेलं. सुलक्षणा ते पंधरवड्या-पंधरवड्यानं पुढे ढकलत होती. कधी डोकं दुखत होतं, कधी अमावस्या होती.

जयसिंग परत आला तो तीन रोल घेऊनच. रोल पुण्याच्या लॅबला गेले, धुऊन आले, आणि दुकानात कुणी नाही असं बघून सुलक्षणानं पाकीट फोडलं.

पहिला फोटो राजाच्या सोनेरी होड्यांच्या म्युझियमचा. दारात एक बाई. पिवळी छत्री, मानेपर्यंत कापलेले केस, हसतेय. दुसरा पोस्टाच्या तिकिटांच्या म्युझियमचा. दारात तीच बाई. तिसरा माणसांच्या सांगाड्यांच्या म्युझियमचा. सांगाड्याच्या चित्राशेजारीही ती चांगली दिसत होती, हे विशेष. जयसिंग एकाही फोटोत नव्हता. म्हणजे तो कॅमेऱ्यामागे. आणि कॅमेऱ्यामागून माणूस कसा बघतो, हे सुलक्षणाला चांगलंच माहीत होतं.

तिनं तिन्ही रोल पुन्हा पाहिले. छत्री बंद, छत्री उघडी, छत्री खांद्यावर...

संध्याकाळी ती मामांना म्हणाली, "दौंडच्यांना रविवारी बोलवा." मामा इतके खूश झाले, की त्यांनी गिऱ्हाईक नसताना पंखा लावला.

शनिवारी जयसिंग हजर. नवा शर्ट, केसांना तेल.

"झालं का फोटो?"

"रोलवर उजेड पडला," सुलक्षणा शांतपणे म्हणाली. "सगळं गेलं."

जयसिंग स्टुलावर बसला. बसला म्हणजे पडलाच.

"एकबी न्हाई?"

"लईच आठवणी होत्या वाटतं."

"आठवणी कसल्या! बाकीचे डीलर नको तिकडं निघाले, मी न्हाई गेलो. मला मास्तर म्हणून चिडवलं त्यांनी. दिवसभर म्युझियमं बघत हिंडलो. होड्यांचं, तिकिटांचं, हाडांचं, खोट्या मालाचं... आमच्या सात पिढ्यांत कुणी एवढी म्युझियमं बघितली न्हाईत. आन् आता फोटोच न्हाई, तर तुम्ही इस्वास कशावर ठिवणार?"

सुलक्षणानं ड्रॉवर उघडला आणि पाकीट काचेवर आपटलं.

"ह्याच्यावर ठिवू? ही कोण?"

जयसिंग आधी फोटो बघून हरखला, मग तिचा चेहरा बघून दचकला. "ही? कंपनीची गाईड."

"सगळ्या फोटोत?"

"मग? बिनमाणसाचा फोटू कसा काढायचा? रोल वाया जातो की!"

शिरूर तालुक्याचा हा कायदाच होता. नवा ट्रॅक्टर असो, विहीर असो की व्यायलेली म्हैस, शेजारी माणूस उभं केल्याशिवाय फोटो निघत नसे. तिनं स्वतः परवाच एका बोअरवेलशेजारी मालकाच्या चुलत्याला उभं केलं होतं.

"मग स्वतः उभं राहायचं!"

"राहिलो असतो. मग तुम्ही म्हणला असता, फोटू काढला कुणी?"

म्हणाली असती, हे खरंच होतं.

"आन् एवढी हसतीय कशाला?"

"मी तिला म्हणलं, बाई, हसू नका. शिरूरला हे फोटू एक जण बघणार हाय. तिला खपायचं न्हाई."

"इंग्लिशमधी?"

"मराठीत. म्हणून तर हसली."

सुलक्षणानं ओठ दाबून धरले. "एक जण म्हंजी... कोण?"

"जिच्यासाठी हाडं बघत हिंडलो, ती."

पंखा फिरत होता. तिनं फोटो एकेक करून पाकिटात घातले. सांगाड्याचा तेवढा बाजूला काढला.

"हा आपल्या अल्बमात लावायचा न्हाई."

"का?"

"ह्यात ती जास्तच चांगली दिसतीय."

"आन्... कुणाच्या अल्बमात म्हणला?"

बोलून गेलेला शब्द काही पुन्हा धुऊन घेता येत नाही.

आतल्या खोलीतून मामांचा आवाज आला. ते मघापासून सगळं ऐकत होते. "सुले, दौंडच्यांना काय सांगू मग?"

"येऊ नका म्हणावं," ती जयसिंगवरची नजर न काढता म्हणाली. "आन् मामा, ह्यांना हितून पुढं एकट्याला परदेशी जाऊ द्यायचं न्हाई."