रहाटातली जोडी

नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणाआधी शेवटचा दगड बसला नाही, तर हिवाळा सरेपर्यंत कॅथेड्रलचं काम बंद राहणार होतं. म्हणून विनांद उजाडल्याबरोबर शिडी चढला.

आढ्याखालच्या रहाटात त्याची अकरा वर्षं गेली होती. दोन पुरुष उंचीचं लाकडी चाक. आत शिरून दोघांनी शेजारी शेजारी चालायचं, की दोर गुंडाळत जायचा आणि सत्तर हात खालचा दगड वर यायचा. विनांद जन्मांध होता. त्यामुळे त्याला कधी घेरी आली नाही.

शेजारी फळी करकरली. त्याचा जोडीदार ओडो आला होता.

"आज उशीर? बायकोनं पुन्हा झोडपलं वाटतं!"

ओडो नुसता हसला. एरवी त्यानं विनांदच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

दोघं चालू लागले. दोर कण्हला, दगड जमिनीवरून सुटला. चाक आज फार हलकं जात होतं. ओडोच्या अंगाला नेहमी खारवलेल्या माशाचा वास असायचा. आज ओल्या चुन्याचा येत होता. आणि इतकं चालूनही त्याला धाप लागलेली नव्हती.

"बरं नाही का रे?"

"चाल तू."

आवाज ओडोचाच होता. पण शब्दांबरोबर श्वास आला नाही. विनांदच्या मानेवर काटा आला.

तेवढ्यात मचाणावरून गेर्लाख मिस्त्रींची हाक आली. "विनांद, ओडोची बायको खाली आलीय. तो कालपासून तापानं फणफणलाय. उठवत नाही म्हणे त्याला. तू कुणाला घेतलंस जोडीला?"

मिस्त्रींची पावलं रहाटाकडे येऊ लागली. दोन हातांवर येऊन थबकली.

"मिस्त्री, कोण आहे हो?"

मिस्त्री अगदी हळू म्हणाले, "थांबू नकोस पोरा. दगडाखाली चौघं उभे आहेत."

विनांदला ते ठाऊक होतं. एकट्याला तो दगड पेलला नसता. एक पाऊल अडलं, की चाक उलटं गरगरलं असतं.

तो चालत राहिला.

शेजारचं पाऊल त्याच्या पावलाबरोबर पडत होतं. नेमकं. एकदाही चुकलं नाही.

"अजून थोडं!" गवंडी ओरडले.

विनांदनं ओठ चावून धरला.

"बसला! बसला दगड!"

तो रहाटातून अक्षरशः बाहेर पडला. चाचपडत, गुडघ्यांवर सरकत त्यानं शिडी गाठली आणि पाय खाली सोडला. पायरी सापडेना. तेव्हा खालून कुणीतरी त्याचा घोटा धरला आणि पाऊल पायरीवर टेकवलं. आंधळ्याला उतरवताना धरतात तसंच. त्याचा जीव भांड्यात पडला. मिस्त्रीच असणार. तो चार पायऱ्या उतरला.

"विनांद!" वरून, रहाटाजवळून मिस्त्रींचा कापरा आवाज आला. "मी येईपर्यंत शिडीवर जाऊ नकोस. तो आता इथे नाहीये."

घोट्यावरच्या हातानं त्याचं पाऊल अलगद पुढच्या पायरीवर ठेवलं.