लागोपाठ आठ ओव्हर

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती आठवली की मला भीतीच्या आधी संताप येतो.

मार्च २००४. न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावाच्या बाहेर, कांद्याच्या शेतांना लागून एका क्रिकेट क्लबचं मैदान. नाव मुद्दाम सांगत नाही.

रात्रबित्र नव्हती. रविवार, दुपारचे तीन. लख्ख ऊन.

वसुंधरावहिनी जवळच्या मनुरेवा उपनगरात फार्मसिस्ट, पण जीव सगळा स्कोअरिंगमध्ये. क्लबला पंचाहत्तर वर्षं होत होती, पुस्तक निघणार होतं. जुन्या स्कोअरबुकांतल्या चुका दुरुस्त करायचं काम सेक्रेटरी ग्रॅहमने तिच्या गळ्यात घातलं.

पॅव्हेलियनमध्ये ती एकटीच. एक टेबल, दोन खुर्च्या. स्कोअरर दोन असतात, दोन्ही संघांचा एकेक. ओव्हर संपली की एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने पडताळायचे. वहिनी सवयीने मोठ्याने वाचत होती.

"एकोणीसशे त्रेपन्न. दहावी ओव्हर. दोन रन."

...टक.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर कुणीतरी पेन्सिल टेकवल्यासारखा आवाज.

लाकूड तापलं असेल, म्हणून ती पुढे गेली.

"अकरावी, टास्कर. बारावी, टास्कर. तेरावी..."

ती थांबली. या वेळी टक आलंच नव्हतं.

मग तिने नीट पाहिलं. अकरा ते अठरा, आठही ओव्हर टास्करच्या नावावर! एकच बोलर लागोपाठ दोन ओव्हर टाकू शकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि याच मॅचमधले टास्करचे नऊ बळी बाहेरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत झळकत होते.

तिने पान उजेडासमोर धरलं. चार ओव्हरपुढचं नाव ब्लेडने खरवडलेलं होतं. खाली पुसट अक्षरं.

"रमण मोहन," तिने वाचलं.

टक. टक. टक.

इतक्या जोरात, की टेबल हादरलं.

त्या चार ओव्हर मोजल्या, तर नऊतले पाच बळी रमणचे होते. ग्रॅहम आल्यावर तिने पान त्याच्यापुढे धरलं. तो गडबडला नाही, हे महत्त्वाचं.

"ओह, रमण! कांदे पिकवायचा. गुड ब्लोक, भला माणूस. मरेपर्यंत सांगत होता, त्या विकेट माझ्या आहेत म्हणून." त्याने पान मिटलं. "लीव्ह इट, वॅस. टास्करचा मुलगा प्रकाशनाला येतोय."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने भांडी आदळली.

दादा म्हणाला, "इशिताला आत्ता कुठे टीममध्ये घेतलंय. कशाला वाकड्यात शिरतेस?"

इशिता म्हणजे त्यांची बारा वर्षांची मुलगी. लेगस्पिन टाकायची. मीही तिथे बसलो होतो, आणि मीही दादाचीच री ओढली. लाज वाटते सांगायला.

सोमवारी वहिनीने फाइल पाठवली. टास्कर, नऊ बळी.

पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर इशिताची मॅच. वहिनी स्कोअरिंगला. समोरच्या संघाचा स्कोअरर आलाच नाही. शेजारची खुर्ची रिकामी.

ओव्हर संपली की... टक.

इशिताच्या ओव्हरनंतर मात्र... काही नाही.

इशिताने तीन विकेट काढल्या. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. वहिनीने तिचं नाव लिहिताना मी पाहिलं आहे.

मॅच संपल्यावर पोरगी धावत आली आणि वहीवर वाकली.

"आई, व्हेअर्स माय नेम?"

नव्हतं.

पाच ते बारा, आठही ओव्हर क्लोई नावाच्या मुलीच्या नावावर. अक्षर वहिनीचंच. शाईही तिच्याच पेनाची. आणि रिकाम्या खुर्चीसमोर... खरवडलेल्या कागदाचा बारीक भुगा.

वहिनी उठली. खुर्चीकडे बोट करून ओरडली, "राग माझ्यावर काढ! पोरीवर कशाला?"

लोक बघत राहिले. इशिता रडायला लागली.

तोवर पुस्तकाच्या दोनशे प्रती छापून झाल्या होत्या. प्रकाशनाच्या दिवशी वहिनी सकाळीच पॅव्हेलियनमध्ये जाऊन बसली, मीही सोबत होतो. एकेक प्रत उघडायची, टास्करचे पाच बळी खोडायचे, पेनाने लिहायचं: रमण मोहन. ग्रॅहम आला, लालबुंद झाला. टास्करचा मुलगा दारात उभा होता.

"थांबव हे," ग्रॅहम म्हणाला.

"हात लावून बघ," वहिनी म्हणाली. मान वर केली नाही.

दोनशेवी प्रत मिटली.

...टक.

ग्रॅहमनेही ऐकलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

वहिनीने झडप घालून इशिताच्या मॅचची वही उघडली. क्लोई तशीच. तिने खोडून इशिताचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पान पुन्हा खरवडलेलं. असं तिने ते नाव अकरा वेळा लिहिलं.

त्या खुर्चीत रमण होता, की ज्याने ब्लेड चालवलं तो, हे आम्हाला कळलेलं नाही. इशिताने तो मोसम संपायच्या आत खेळणं सोडलं.

वही आता माझ्याकडे आहे. कधीतरी दुपारी मी पान उघडून मोठ्याने वाचतो, "सहावी ओव्हर, इशिता," आणि कान देऊन बसतो.

अजून टक आलेलं नाही.

रमणला पन्नास वर्षं लागली होती.