त्याची डावी बाजू

नव्वद डेसिबल

सगळी टेबलं भरलेली, म्हणून तिला काउंटरच्या टोकाचं स्टूल मिळालं. भट्टी आडवी होती. कढई परतणारा कूक तिथून एकाच बाजूने दिसायचा: डावा गाल, डावा कान, घामाने चिकटलेली एक बट.

मेनूकार्डात व्हिएतनाम, थायलंड आणि कोरिया सख्ख्या जावांसारखे नांदत होते. तिने फो मागवलं. गरम रस्सा, तांदळाच्या शेवया, वर पुदिना.

"एकटीने जेवायला बरी जागा आहे," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. हसला. बोलला काहीच नाही.

बस्स, एवढ्यावर... माणसाने घसरावं म्हणजे किती घसरावं!

"आमचे उस्ताद मोठे मिजासखोर," मालकीणबाई म्हणाल्या. "ऑर्डर ओरडून सांगायची नाही, चिठ्ठीच लावायची. महाराजांना आवाज खपत नाही."

तरी ती दर गुरुवारी जायची. भट्टी गर्जायची, ती बोलायची. कपाटाचं न लागणारं दार, आईचा न उचललेला फोन, आपली नोकरी. तो हसायचा, मान डोलवायचा. इतकं निवांत तिचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

दहाव्या गुरुवारी तिने चमचा खाली ठेवला.

"खरं सांगू? मला फो तितकंसं आवडत नाही. मी... तुमच्यासाठी येते."

तो हसला. मान डोलावली. आणि पुदिन्याची बशी तिच्याकडे सरकवली.

तीस डेसिबल

घरात फ्रिजची घरघर आणि वरच्या मजल्यावरची पावलं.

तो नाही म्हणाला असता, तर रडता आलं असतं. पुदिन्यावर कसं रडायचं?

चार गुरुवार तिने ओट्यापाशी उभ्यानेच भात खाल्ला, पातेल्यातूनच. बसलं की समोरची खुर्ची दिसायची.

वीस डेसिबल

ती कानाच्या तपासणी केंद्रात काम करायची. पाचव्या गुरुवारी, सकाळी, तिच्या आवाजबंद खोलीच्या दारात... तो.

"तुम्ही?" तो दचकला. "तुम्ही इथे असता?"

"चारदा सांगितलंय मी तुम्हाला!"

तो बूट न्याहाळत राहिला. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. तपासणीच्या आलेखावर उजव्या कानाची रेघ सरळ गेली. डाव्या कानाची रेघ... जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली. माणसाच्या बोलण्याचे आवाज असतात, नेमके तिथेच.

दिवसाला वीस कान तपासणारी बाई. कुणी टीव्ही मोठा लावतो म्हटलं तरी हिला संशय यायचा. आणि दहा गुरुवार या माणसाच्या बहिऱ्या कानाशी संसार थाटून बसली होती.

तिने हेडफोन काढला आणि त्याच्या उजवीकडे खुर्ची ओढली.

"मालकीणबाईंना का नाही सांगितलंत?"

"भट्टीवरून उतरवतील. मला दुसरं येतं काय?"

"आणि मला?"

"तुम्हाला... तुम्ही इतक्या रंगात येऊन बोलायचात. 'काय?' म्हटलं, तर वाटलं, उठून जाल."

"न म्हणताच गेले की!"

"म्हणून तर आलोय. म्हटलं, नोकरी जाईल तर जाईल, कान दाखवून टाकू." त्याने मान वर केली. "शेवटच्या दिवशी काय म्हणाला होतात?"

"काही नाही. पुदिना कमी आहे म्हणाले."

"खोटं. पुदिन्यासाठी कुणाचे डोळे असे होत नाहीत."

खोलीत आवाजच नव्हता. आडोशाला भट्टीही नव्हती.

"मला एकटीने जेवायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "आणि तुम्ही आवडता. या क्रमाने नाही... उलट्या."

तो गप्प बसला. पण ही शांतता वेगळी होती. प्रत्येक शब्द आत पोचलेली.

"सोमवारी माझी सुट्टी असते," तो अखेर म्हणाला. "मला कुणी जेवायला बोलवत नाही. कुकाला कोण बोलावणार? घाबरतात लोक."

"मला फक्त भात येतो. आणि उकडलेली अंडी."

"भात मोकळा होतो?"

"चिकट होतो."

"मग येतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

मोजलं नाही

संध्याकाळी ती भांड्यांच्या दुकानात शिरली.

"ताट हवंय."

"सहांचा सेट आहे ताई, सुटं नाही देत."

"सहा माणसं कुठून आणू? एकच येतोय."

दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सेट फोडला.

घरी येऊन तिने भात चढवला आणि नवं ताट धुतलं. मग जुनंही, स्वच्छ असूनही, पुन्हा घासलं. सोमवार चार दिवसांवर होता. तरी दोन्ही ताटं टेबलावर समोरासमोर मांडून ती खुर्चीत बसली... आणि भात शिजायची वाट पाहू लागली.